परमुलखांतला मास्तर

राजगड आणि तोरणा यांच्या पायथ्याशीं पसरलेला वेल्ह्याचा डोंगराळ मुलूख आणि त्याला लागून असलेलें भोर, हीं आज पुणें जिल्ह्याचीं दोन अंगें आहेत. परंतु १९४८ सालीं भोर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, तोंपर्यंत पुण्याहून तिकडे जाणारा मनुष्य खालसा मुलूख सोडून पंतसचिवांच्या राज्यांत पाऊल टाकीत असे. अंतर अवघें तीस-पस्तीस मैलांचें. पण तेवढ्यांत राजा बदलावयाचा, कचेरी बदलावयाची आणि घाटवाट चढून गेल्यावर ताटांतलें अन्नहि बदलावयाचें. शहरांत वाढलेल्या मास्तराची नेमणूक अशा एखाद्या मावळी वाडीवर झाली, म्हणजे त्याच्या दृष्टीनें तो परदेशच. चार महिने न उघडणारा पाऊस, नाचणीची भाकरी, वरईचा भात, आणि राब भाजण्याच्या किंवा लावणीच्या दिवसांत ओस पडणारी शाळा! ग्रामशाळांचा जुना अनुभव असा कीं, जो मास्तर मुलांच्या गैरहजेरीचा नुसता शेरा लिहीत बसला, तो वर्षानुवर्षें परकाच राहिला. आणि लावणी म्हणजे काय हें चिखलांत उतरून ज्यानें पाहिलें, तो गांवचा झाला.

शिक्षक परका कोणता आणि आपला कोणता, याची ही साधी कसोटी आहे. ती केवळ भोर-वेल्ह्याच्या डोंगरांतच लागू पडते असें नाहीं. सुमारें दहा हजार मैलांवरील मेक्सिको देशांत एक मराठी मनुष्य अनेक वर्षें शिक्षक म्हणून राहिला, त्याच्या आयुष्याला ही कसोटी लावून पाहण्यासारखी आहे. पांडुरंग सदाशिव खानखोजे हें त्याचें नांव.

परदेशांत जाऊन शिकविणारे मराठी पंडित आणखीहि झाले. गोमंतकांत जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांनीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत पाली ग्रंथाच्या संशोधनाचें काम केलें, आणि १९२९ सालीं रशियांत लेनिनग्राड येथें जाऊन पाली शिकविली. त्यांचें कार्य थोर खरें. पण त्यांनीं परदेशीयांना जें दिलें, तें आपल्या घरचें धन होतें. खानखोजे यांचा प्रकार नेमका उलटा. त्यांनीं मेक्सिकोच्या लोकांना त्यांच्याच शेतांतला मका शिकविला. ज्या भूमींत मक्याचा जन्म झाला, तेथील मुलांना मक्याविषयीं शिकविण्यास वर्ध्याच्या मनुष्यानें उभें राहावें, हें धाडस लहान नव्हतें.

ते तेथें शिक्षक होण्यासाठीं मात्र गेले नव्हते. १८८४ सालीं वर्धा येथें जन्मलेला हा तरुण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत देशाबाहेर पडला, तो स्वातंत्र्याच्या ध्यासानें. जपानमार्गें तो अमेरिकेंत पोहोंचला. तेथें त्यानें लष्करी शिक्षण घेतलें आणि ऑरेगन व वॉशिंग्टन या राज्यांतील महाविद्यालयांत शेतकीचा अभ्यास केला. एका हातीं बंदूक आणि दुसऱ्या हातीं बियाणें, असें तें विद्यार्थिजीवन होतें. गदर चळवळीच्या आरंभकर्त्यांत त्याची गणना होते. पहिल्या महायुद्धांत इराणच्या भूमीवर तो इंग्रजांविरुद्ध लढला. युद्ध संपलें तेव्हां बंड फसलेलें होतें आणि मायदेशाचें दार बंद झालेलें होतें. बर्लिन व मॉस्को येथें कांहीं काळ काढून १९२४ च्या सुमारास खानखोजे मेक्सिकोंत आले. अमेरिकेंत असतांना जोडलेल्या मेक्सिकन मित्रांची ओळख तेथें कामास आली, आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयांत त्यांना अध्यापकाची जागा मिळाली.

हें चापिंगो मेक्सिको शहराजवळ टेस्कोको नांवाच्या गांवाशेजारीं आहे. विद्यालयाची वास्तु म्हणजे एका बड्या जमीनदाराची जुनी वाडी. ती एके काळीं देशाच्या अध्यक्षपदीं बसलेल्या मनुष्याच्या मालकीची होती. १९१० सालीं मेक्सिकोंत क्रांति झाली, १९१७ सालीं नवी घटना आली, आणि मोठमोठ्या वाड्यांच्या जमिनी गांवांना वांटून देण्याचें धोरण सुरू झालें. पण पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या शेतांत राबलेल्या कुळाला जमीन मिळाली, तरी अवजार, बियाणें आणि ज्ञान हीं तिच्याबरोबर मिळत नाहींत. तीं देणाऱ्या शिक्षकांची त्या देशाला गरज होती. खानखोजे आले ते या घडीला.

नव्या शिक्षकाला पहिली अडचण भाषेची. शिकविणें स्पॅनिशमध्यें, पुस्तकें स्पॅनिश, आणि खेड्यांत गेलें तर स्पॅनिशच्याहि पलीकडच्या जुन्या रहिवाशांच्या बोली. दुसरी अडचण हवेची. तोरण्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारें ४,६०० फूट. चापिंगोची शेतें त्याहून कितीतरी वर, सात हजार फुटांपलीकडे. तेथें हिंवाळ्यांत दंव गोठतें आणि उभें पीक एका रात्रींत करपून जातें.

घरगुती जीवनांत मात्र मराठी मनुष्याला ओळखीच्या खुणा पदोपदीं सांपडाव्यात असा तो देश आहे. तेथील बाया मका चुन्याच्या पाण्यांत शिजवून भिजत ठेवितात, दगडी पाट्यावर वाटतात, त्याच्या भाकऱ्या हातानें थापून तव्यावर भाजतात, आणि मिरचीच्या ठेच्याशीं खातात. पाटा, तवा, भाकरी आणि ठेचा! यांपैकीं मिरची तर मूळची त्याच खंडांतली. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती इकडे आली आणि अशी रुळली कीं, तिच्यावांचून मावळांतली न्याहारी होत नाहीं. मका, पेरू आणि सीताफळ हींहि त्याच वाटेनें आलेलीं. मेक्सिकोचा शेतकरी एकाच वावरांत मका, घेवडा व भोपळा घेतो. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढतो, भोपळ्याचीं पानें जमीन झांकून ओल राखतात, आणि घेवड्याच्या मुळ्यांमुळें जमिनीचा कस टिकतो. मिश्र पिकाचें हें शहाणपण आपल्या कुणब्याला समजावून सांगावें लागणार नाहीं.

खानखोजे यांचा खरा वर्ग हें वावरच होतें. मका, गहूं, कडधान्यें यांच्या नव्या जाती तयार करणें, दंव आणि अवर्षण सोसणारें बियाणें शोधणें, हा त्यांचा उद्योग. मक्याचा एक रानटी सोयरा मेक्सिकोच्या माळावर गवतासारखा उगवतो. त्याला टेओसिंटे म्हणतात. त्याच्या बोटभर कणसांत मोजके टणक दाणे असतात. याच गवतापासून सुमारें नऊ हजार वर्षांपूर्वीं तेथील अनाम शेतकऱ्यांनीं मका घडविला, असें आजचें शास्त्र सांगतें. मका व टेओसिंटे यांचा संकर करण्याचे प्रयोग खानखोजे यांनीं केले. १९३० सालीं मक्याच्या नव्या जातींविषयीं त्यांचें स्पॅनिश पुस्तक निघालें.

तथापि विद्यालयाच्या कुंपणाआड केलेल्या संशोधनावर या मनुष्याचें समाधान झालें नाहीं. चापिंगोच्या वर्गांत शेतकऱ्याचा मुलगा येईल, पण शेतकरी कसा येणार? गुरें कोण राखील, पेरणी कोण करील? वेल्ह्याच्या वाडीवरील शाळा लावणींत ओस पडते ती ज्या कारणानें, तेंच कारण तेथेंहि होतें. त्यावर उपाय एकच: शाळेनें उठून शेतकऱ्याकडे जावें. म्हणून मेक्सिकन सहकाऱ्यांबरोबर खानखोजे यांनीं मोफत शेतकी शाळांची चळवळ उभारली. त्यांत फी नाहीं, प्रवेशाची परीक्षा नाहीं; गांवच्याच जमिनीवर, गांवच्याच माणसांना, काम करतां करतां शिक्षण. ओकोपुल्को गांवच्या अशाच एका शाळेला क्रांतींतील शेतकरी-पुढारी एमिलियानो झपाटा यांचें नांव दिलेलें होतें. टीना मोडोट्टी या विख्यात छायाचित्रकर्तीनें १९२८ सालीं तिचीं चित्रें घेतलीं. खानखोजे यांच्या मक्याच्या कणसांचींहि चित्रें तिनें काढलीं.

त्याच सुमारास मेक्सिकोचे श्रेष्ठ चित्रकार दिएगो रिव्हेरा हे राजधानींतील शिक्षणखात्याच्या इमारतीच्या भिंती रंगवीत होते. त्यांतील एका भित्तिचित्रांत अनेक वर्णांचीं माणसें एका मेजाभोंवतीं बसलीं आहेत आणि मध्यभागीं एकजण त्यांच्यासाठीं भाकर मोडीत आहे. ती आकृति खानखोजे यांची, असें मानलें जातें. परमुलखांतल्या मास्तराला याहून मोठें मानपत्र कोणतें मिळावें? त्या देशाच्या सार्वजनिक भिंतीवर, त्या देशाच्या भाकरीचा वांटेकरी नव्हे, तर ती वांटून देणारा म्हणून त्याला जागा मिळाली!

परंतु या मानाची किंमतहि मोजावी लागली, आणि ती हलकी नव्हती. १९३६ सालीं त्यांनीं एका बेल्जियन स्त्रीशीं विवाह केला. मेक्सिकोंत संसार झाला, कन्या झाल्या. मायदेश मात्र अंतरला तो अंतरलाच. इंग्रजी अंमल असेपर्यंत परत येण्याची परवानगी मिळाली नाहीं. ऐन तारुण्यांत सोडलेली भूमि पुन्हां दिसली ती स्वातंत्र्यानंतर, साठीच्या उंबरठ्यापलीकडे. ज्या ज्ञानाचा उपयोग विदर्भाच्या शेतकऱ्याला व्हावयाचा, त्यांत अर्ध्याहून अधिक आयुष्य परक्या मातींत वेंचलें गेलें. अखेरचीं वर्षें नागपुरांत काढून २२ जानेवारी १९६७ रोजीं त्यांचा अंत झाला.

त्याच्या आदल्याच वर्षीं हिंदुस्थाननें मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचें बियाणें आणविलें, आणि हरितक्रांतीला जोर चढला. तें बियाणें खानखोजे यांचें नव्हे. नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या मेक्सिकन सहकाऱ्यांनीं १९४४ नंतरच्या काळांत केलेल्या परिश्रमांचें तें फळ. तरीहि ज्या देशांत एका मराठी मास्तरानें त्याआधीं कित्येक वर्षें पिकांच्या जाती सुधारण्याचे पाठ दिले, त्याच देशाचें बीं आपल्या उपासमारीच्या दिवसांत आपल्या कामीं यावें, हा योग विलक्षण खरा.

सप्टेंबर २०२२ मध्यें चापिंगो येथें खानखोजे यांच्या पुतळ्याचें अनावरण हिंदुस्थानच्या लोकसभाध्यक्षांच्या हस्तें झालें. महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांतहि आज हें नांव सर्वांस ठाऊक असेल असें नाहीं, आणि मेक्सिकोंत त्याचा पुतळा उभा आहे! यांत खेद करण्यासारखें आहे, तसें शिकण्यासारखेंहि आहे. क्रांतिकारक म्हणून त्यांनीं जें साधावयास घेतलें, तें त्यांच्या हातून त्या वेळीं साधलें नाहीं. शिक्षक म्हणून जें सहज पत्करलें, तें मात्र मुळें धरून राहिलें. आज मराठी घरांतील मुलेंमुली शिकविण्यासाठीं दूरदेशीं जातात, आणि पुण्याचे शिक्षक वेल्ह्याच्या वाड्यांवरहि जातात. अंतर भिन्न असलें तरी दोघांपुढील प्रश्न एकच आहे. बरोबर नेलेली विद्या कितीहि मोठी असो, ज्यांना ती द्यावयाची त्यांच्या शेतांत काय पिकतें आणि तें कधीं करपतें, हें आधीं शिकावें लागतें. तेवढें जो शिकला, त्याला परमुलूख उरत नाहीं.