रिफ्लक्स: डिस्टिलरीच्या टॉवरमधला परतीचा प्रवाह

रेठरे बुद्रुकचा कृष्णा, साखराळ्याचा राजारामबापू, सांगलीचा वसंतदादा, भुईंजचा किसन वीर. सातारा-सांगली पट्ट्यातल्या या कारखान्यांची चर्चा उसाच्या दरावरून होते, निवडणुकीवरून होते, अलीकडे इथेनॉलवरूनही होते. त्यांच्या आवारातला डिस्टिलरीचा उंच टॉवर मात्र कोणाच्या बोलण्यात येत नाही. मळीतून आंबवलेला पातळ द्रव या टॉवरमधून 95 टक्क्यांचा होऊन बाहेर पडतो. याच परिसरातल्या ओढ्याकाठच्या हातभट्टीवर छापा पडला की गूळ-नवसागराचं 'कच्चं रसायन' आणि पत्र्याची पिंपं सापडतात. दोन्हीकडे आंबवणं तेच आणि उकळणंही तेच. फरक पडतो तो वाफ थंड झाल्यावर तिचं काय करायचं, या एका प्रश्नाने.

आधी साधी भट्टी घेऊ. शुद्ध अल्कोहोल 78.4 अंशांना उकळतं, पाणी 100 अंशांना. म्हणून 78 अंशांवर आधी सगळं अल्कोहोल निघून जातं आणि पाणी मागे राहतं, असा समज शाळेपासून पक्का असतो. तो चुकीचा आहे. मिश्रण स्वतःच्या तापमानाला उकळतं आणि त्याच्या वाफेत दोन्ही घटक असतात, फक्त प्रमाण बदललेलं असतं. 10 टक्के अल्कोहोल (वेगळं सांगितलं नसेल तिथे टक्केवारी आकारमानाने) असलेला वॉश, म्हणजे आंबवलेला द्रव, 92-93 अंशांच्या आसपास उकळू लागतो आणि त्याच्या पहिल्या वाफेत सुमारे 54 टक्के अल्कोहोल असतं. भांड्यातलं अल्कोहोल जसं कमी होतं तशी वाफही पातळ होत जाते. 'पहिल्या धारेची' म्हणून जिची ख्याती आहे ती कडक असते ती याचमुळे. शेवटपर्यंतची सगळी धार एकत्र केली तर अंक बराच खाली येतो.

ती 54 टक्क्यांची वाफ थंड करून पुन्हा उकळली तर 82 टक्के मिळतात. तिसऱ्यांदा 89, चौथ्यांदा 92, पाचव्यांदा 93. हे आकडे नीट पाहण्यासारखे आहेत. पहिल्या उकळीने 44 अंकांची उडी मारली, पाचवीला जेमतेम एक-दीड अंक हाती लागला. शुद्धतेच्या शेवटच्या टप्प्यात प्रत्येक अंकाला मोठी किंमत मोजावी लागते. रिफ्लक्स टॉवरची सगळी रचना या एका वस्तुस्थितीशी झगडण्यासाठी आहे.

पाच वेळा वेगवेगळ्या भांड्यांत उकळण्याऐवजी ती भांडी एकावर एक रचली, तर खालून येणारी गरम वाफ वरच्या भांड्यातला द्रव उकळवते. वेगळी चूल लागत नाही. भांड्यांच्या जागी छिद्रांच्या किंवा टोप्यांच्या थाळ्या बसवल्या की टॉवर तयार झाला. आयर्लंडमधल्या अबकारी खात्यात नोकरी केलेल्या एनिअस कॉफीने 1830 साली अशा अखंड चालणाऱ्या स्तंभाचं पेटंट घेतलं. दारूवर कर वसूल करणाऱ्या माणसाने दारू गाळण्याची रीत सुधारली, हा इतिहासातला गमतीचा भाग.

थाळ्या रचल्या तरी टॉवर आपोआप चालत नाही. प्रत्येक थाळीवर द्रव असला पाहिजे आणि तो येणार वरून. म्हणून माथ्यावरच्या कंडेन्सरमध्ये थंड झालेला सगळा माल बाहेर न काढता त्यातला मोठा भाग टॉवरमध्ये परत सोडतात. तोच रिफ्लक्स. तीन भाग परत आणि एक भाग बाहेर, तर रिफ्लक्स गुणोत्तर तीन. खाली उतरणारा द्रव वर चढणाऱ्या वाफेला भेटतो, तिच्यातलं पाणी स्वतःकडे ओढतो आणि त्या बदल्यात अल्कोहोल तिला देतो. वाफ चढताना श्रीमंत होते, द्रव उतरताना गरीब. मळीच्या वॉशवर चालणाऱ्या टॉवरच्या तळाशी उरतो तो काळपट स्पेंटवॉश, एका लिटर अल्कोहोलमागे साधारण दहा-बारा लिटर. कृष्णेचं पाणी पिणाऱ्या गावांना हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको.

साधी हातभट्टीही थोडा रिफ्लक्स करतेच. पिंपाच्या गार बाजूंवर काही वाफेचा द्रव होतो आणि खाली ओघळतो. पण तो अनावधानाने होतो आणि त्याच्यावर कोणाचा ताबा नसतो. टॉवरमध्ये तोच मोजून केला जातो.

आता किंमत. गुणोत्तर तीन ठेवलं तर एक लिटर माल काढण्यासाठी चार लिटरची वाफ करावी लागते, म्हणजे साधारण चौपट उष्णता. गुणोत्तर वाढवलं तर कमी थाळ्यांत काम भागतं, पण वाफ जास्त लागते. थाळ्या वाढवल्या तर वाफ वाचते, पण टॉवर उंच आणि महाग होतो. मॅकेब आणि थिएल यांनी 1925 साली हा सौदा आलेखावर मांडून दाखवला आणि रसायन अभियांत्रिकीचा विद्यार्थी आजही त्या पायऱ्या पेन्सिलने काढतो. व्यासाचं गणित वेगळं आहे. टॉवर अरुंद आणि वाफ जोराची असेल तर उतरणारा द्रव वरच अडतो, थाळ्या तुंबतात आणि सगळी विभागणी कोसळते. लहान स्तंभांत थाळ्यांऐवजी तांब्याची जाळी किंवा काचेच्या-सिरॅमिकच्या कड्या भरतात. काम तेच, दोन प्रवाहांना भेटायला भरपूर पृष्ठभाग देणं. तांब्याला एक जास्तीचा गुण आहे, ते गंधकाची वासट संयुगं धरून ठेवतं. आपल्याकडे उसाचा रस गंधकाच्या धुराने स्वच्छ करण्याची पद्धत असल्याने मळीच्या बाबतीत हा गुण बिनकामाचा म्हणता येत नाही.

कितीही थाळ्या लावा, वजनाने 95.6 टक्क्यांच्या पुढे हा टॉवर जात नाही. तिथे वाफेतलं आणि द्रवातलं प्रमाण एकच होतं, मग परत पाठवून काय साधणार? पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलला तर साडेनव्व्याण्णवच्या वर जावं लागतं. त्यासाठी पूर्वी बेंझिनची मदत घेत. आता मॉलिक्युलर सीव्ह वापरतात, ज्याच्या तीन अँगस्ट्रॉमच्या छिद्रांत पाण्याचा रेणू शिरतो आणि अल्कोहोलचा बाहेरच राहतो.

या विषयातला सर्वांत धोकादायक गैरसमज विषाबद्दलचा आहे. सुरुवातीची धार ओतून दिली की मिथेनॉल गेलं, असं सर्रास सांगितलं जातं. मिथेनॉलचा उत्कलनबिंदू 64.7 अंश आहे, म्हणून ते पटतंही. पण पाणी भरपूर असलेल्या मिश्रणात मिथेनॉल इथेनॉलपेक्षा पाण्याला जास्त चिकटून राहतं आणि साध्या भट्टीत जवळजवळ शेवटपर्यंत थोडं थोडं येत राहतं. सुरुवातीला मुख्यतः निघतात ती अॅसिटाल्डिहाइड आणि इथिल अॅसिटेट. उलट आयसोअमाइल अल्कोहोल 131 अंशांना उकळणारं असूनही खालच्या पाणीदार थाळ्यांतून वर चढतं, वरच्या कडक द्रवात त्याला जागा मिळत नाही आणि ते अधेमधे साचतं. कारखान्यात ते फ्यूजेल तेल म्हणून बाजूच्या नळीने काढून घेतात. उत्कलनबिंदूंची यादी पाठ करून हे कळत नाही.

मळीतून मुळात मिथेनॉल फार थोडं तयार होतं. 2015 साली मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं दगावली ती आंबवण्याच्या चुकीने नव्हे, तर औद्योगिक मिथेनॉल प्यायला दिलं गेल्याने. ती भेसळ घरातला कोणताही स्तंभ भरवशाने निवडून काढणार नाही.

घरी टॉवर उभारण्याच्या हौसेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. अडचण तांब्याची नळी वाकवण्यात नाही, ती स्थैर्यात आहे. कंडेन्सरचं पाणी दोन मिनिटं थांबलं तरी माथ्यावरून थंड न झालेली वाफ बाहेर पडते. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि हवेत साडेतीन टक्क्यांच्या आसपास झाली की ठिणगीने पेट घेते. कारखान्यात यासाठी माणसं, मापकं आणि ज्वालारोधक वायरिंग असतं, स्वयंपाकघरात पेटलेला गॅस असतो. शिवाय 1949 च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्या कलम 65 खाली विनापरवाना दारू गाळणं तर गुन्हा आहेच, त्या हेतूने भट्टीचं साहित्य जवळ ठेवणं हाही गुन्हा आहे. ज्याला रिफ्लक्स खरंच समजून घ्यायचा आहे त्याने महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या स्तंभावर अॅसिटोन आणि पाणी वेगळं करून पाहावं, किंवा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल तंत्रज्ञान शिकावं.