'डब्ल्यू' या अक्षराची किंमत

आज आपण एका अक्षराचा इतिहास पाहणार आहोत. अमेरिकेतल्या विद्यापीठात सत्र सुरू झाल्यावर एखाद्या विद्यार्थ्याने ठरलेल्या मुदतीत विषय सोडला, तर गुणपत्रिकेवर त्या विषयासमोर 'डब्ल्यू' हे अक्षर येतं. विषय सोडला, एवढाच त्याचा अर्थ. पास नाही, नापासही नाही. सरासरीला धक्का लागत नाही. परीक्षा विभागाच्या दृष्टीने ती कोरी जागा. पण त्याच विद्यापीठाच्या आर्थिक साहाय्याच्या कचेरीत हेच अक्षर वजाबाकीत धरलं जातं. घरच्या पैशावर शिकणाऱ्याचं विषय सोडल्याने फार तर त्या विषयाच्या फीचं नुकसान होतं. सरकारी मदतीवर शिकणाऱ्याची पुढची सगळी मदतच अडचणीत येऊ शकते. हा फरक कसा पडला, ते पाहू.

सुरुवात 1944 पासून करू. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं आणि लाखो सैनिक घरी परतणार होते. 22 जून 1944 रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी माजी सैनिकांच्या पुनर्वसनाच्या कायद्यावर सही केली. लोक त्याला 'जीआय बिल' म्हणतात. शिक्षणासाठी वर्षाला 500 डॉलरपर्यंत फी आणि एकट्या माणसाला महिना 50 डॉलर निर्वाहभत्ता, अशी तरतूद होती. सुमारे 22 लाख माजी सैनिक या कायद्यामुळे कॉलेजात गेले. आता गंमत पाहा. आपल्या विषयाचं बी याच कायद्यात आहे. विद्यार्थ्याची वर्तणूक किंवा प्रगती असमाधानकारक असेल तर मदत थांबवता येईल, असं त्यात लिहिलं होतं. मात्र असमाधानकारक म्हणजे काय, हे ठरवायचं त्या त्या संस्थेच्या नेहमीच्या निकषांवर. म्हणजे पैसे सरकारचे, पण फूटपट्टी कॉलेजची.

पुढचा टप्पा 1965. उच्च शिक्षणाच्या कायद्यावर अध्यक्ष जॉन्सन यांनी 8 नोव्हेंबरला टेक्सासमधल्या सॅन मार्कोस इथे सही केली. ज्या कॉलेजात ते स्वतः पडेल ती कामं करत शिकले, तिथे जाऊन. या कायद्यामागचा विचार साधा होता. पैसे नाहीत म्हणून कुणाचं शिक्षण अडू नये. 1972 च्या दुरुस्तीने गरजू विद्यार्थ्याला थेट अनुदान मिळू लागलं. सिनेटर क्लेबोर्न पेल यांच्या नावाने त्याला 1980 पासून 'पेल ग्रँट' म्हणतात. पहिल्या वर्षी, म्हणजे 1973-74 मध्ये, ते जास्तीत जास्त 452 डॉलर होतं. ही मदत हुशारीचं बक्षीस नव्हती. निकष होता तो गरजेचा.

मग प्रगतीची अट कडक का झाली? त्या काळच्या विद्यापीठांत काय चाललं होतं, ते पाहायला हवं. वियतनामचं युद्ध सुरू होतं. 1966 मध्ये सक्तीच्या लष्करभरतीतून सूट देताना विद्यार्थ्याचा वर्गातला क्रमांक पाहिला जाऊ लागला. आपण दिलेली कमी श्रेणी एखाद्या मुलाला रणांगणावर धाडू शकते, ही जाणीव अनेक प्राध्यापकांना बोचत होती. त्याच सुमारास विषय सोडण्याचे नियमही ठिकठिकाणी सैल झाले. शिक्षणाच्या दृष्टीने त्यात वावगं काही नव्हतं. मुलाने नवं काही करून पाहावं, जमलं नाही तर मागे फिरावं. पण सरकारच्या हिशेबनिसाला त्यात वेगळंच दिसलं. नाव घालायचं, भत्ता उचलायचा आणि विषय सोडून द्यायचा.

हा संशय ऑक्टोबर 1976 मध्ये कायद्यात उतरला. त्या एका महिन्यात दोन कायदे झाले. पहिल्याने सर्वसाधारण विद्यार्थ्यांच्या मदतीला 'समाधानकारक प्रगती'ची अट घातली. निकष अजूनही संस्थेचेच. दुसरा माजी सैनिकांसाठी होता आणि जास्त कडक होता. ज्या विषयाची श्रेणी पदवीच्या हिशेबात धरलीच जात नाही, त्या विषयाचे पैसे मिळणार नाहीत. 'डब्ल्यू' नेमका यात सापडला. गंमत अशी की नापासाचा 'एफ' सरासरीत धरला जातो, म्हणून तो चालतो. 'डब्ल्यू' धरला जात नाही, म्हणून त्याचे पैसे परत करा. आजारपण वगैरे हाताबाहेरचं कारण दाखवता आलं, तरच सुटका.

पुढे डिसेंबर 1981 मध्ये अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाचा अहवाल आला. मदत घेणारे विद्यार्थी पुरेशी प्रगती करत नाहीत, निकष कडक करा, असं त्याच्या शीर्षकातच म्हटलं होतं. 1986 च्या दुरुस्तीत मग थेट श्रेणीच आली. दुसरं वर्ष संपताना सरासरी 'सी' हवी, किंवा पदवीच्या अपेक्षेशी जुळणारी प्रगती हवी. फूटपट्टी कॉलेजच्या हातात राहिली, पण तिच्यावरच्या खुणा आता वॉशिंग्टनहून येऊ लागल्या.

आज हे गणित कसं चालतं, ते थोडक्यात सांगतो. नियमांचे तीन काटे आहेत. एक सरासरीचा. दुसरा एकूण मुदतीचा. पदवी 120 क्रेडिटची, आपल्या नव्या भाषेत श्रेयांकांची, असेल तर जास्तीत जास्त दीडपट, म्हणजे 180 श्रेयांकांपर्यंतच मदत. तिसरा वेगाचा. 180 मध्ये 120 पुरे व्हायचे, तर घेतलेल्यांपैकी साधारण 67 टक्के श्रेयांक पार पडायला हवेत. आता समजा, एका मुलीने पहिल्या सत्रात 15 श्रेयांक घेतले आणि तीन-तीन श्रेयांकांचे दोन विषय सोडले. उरलेल्या तिन्ही विषयांत तिला 'ए' मिळाला. सरासरी उत्तम. पण 15 पैकी 9, म्हणजे 60 टक्के. वेगाच्या काट्यावर ती नापास.

पुन्हा घेतलेल्या विषयाचंही असंच. अनेक विद्यापीठं जुनी वाईट श्रेणी पुसून नवी धरतात. पण मदतीच्या वहीत दोन्ही खेपा 'घेतलेले' म्हणून मोजल्या जातात. 2011 पासून आणखी एक नियम आहे. नापास झालेला विषय पास होईपर्यंत मदतीवर घेता येतो. पास झालेला मात्र एकदाच. इथे खरी मेख आहे. केंद्राच्या लेखी 'डी' म्हणजे पास. पण एखाद्या अभ्यासक्रमाला पुढे जायला 'सी' लागतो. विद्यार्थ्याने तो विषय तिसऱ्यांदा घेतला, तर त्याचे श्रेयांक मदतीसाठी धरले जात नाहीत. 12 चे 9 होतात आणि अनुदानही त्या प्रमाणात उतरतं.

आणि सगळंच सत्र सोडलं तर? त्यासाठी 1998 चा कायदा आहे. सत्राचे जितके टक्के दिवस भरले, तितके टक्के मदत 'कमावली'. 60 टक्क्यांच्या पुढे गेलं की पूर्ण कमावली. 110 दिवसांच्या सत्रात कुणी 33व्या दिवशी निघून गेला, तर 30 टक्के त्याची. 4000 डॉलर मिळाले असतील तर 1200 त्याचे आणि 2800 न कमावलेले. त्यातला काही भाग कॉलेज सरकारला परत करतं आणि बहुतेक वेळा विद्यार्थ्याकडे वसुली काढतं. घरी वडील आजारी पडले म्हणून जो निघाला, त्याच्या हातात वर बिल.

अशा अटींनी मुलं जास्त अभ्यास करतात का? जॉर्जिया राज्याने 1993 मध्ये लॉटरीच्या उत्पन्नातून 'होप' शिष्यवृत्ती सुरू केली. ती टिकवायला सरासरी 'बी' लागे. कॉर्नवेल, ली आणि मस्टर्ड या अभ्यासकांनी जॉर्जिया विद्यापीठातल्या नोंदी तपासल्या. त्यांना दिसलं की राज्यातली पहिल्या वर्षाची मुलं कमी विषय घेऊ लागली आणि जास्त विषय सोडू लागली. इथे सरासरीचा काटा होता, म्हणून मुलांनी सरासरी जपली. शिकणं त्या मानाने मागे पडलं. केंद्राच्या मदतीत वेगाचा काटा आहे, म्हणून तिथला विद्यार्थी न जमणाऱ्या विषयालाही चिकटून बसण्याची शक्यता. जसा काटा, तशी चाल.

या व्यवस्थेत दया नाही असं नाही. घरातला मृत्यू, आजारपण, अशा कारणांसाठी अपील करता येतं. मार्च 2020 मध्ये करोनाच्या कायद्याने साथीमुळे सुटलेले विषय प्रगतीच्या हिशेबातून वगळायला परवानगी दिली आणि परतफेडही माफ केली. विषय सुटतो तेव्हा दरवेळी दोष विद्यार्थ्याचा नसतो, हे कायद्याने तेव्हा मान्य केलं. पण त्यासाठी सगळ्या जगावर संकट यावं लागलं. एका घरावर आलेलं संकट अजूनही अर्ज करून सिद्ध करावं लागतं.

आता आपल्याकडे येऊ. विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत गेलेल्या आपल्या मुलांना ही केंद्रीय मदत मिळत नाही. तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतल्या, नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक मुलांना मात्र हे सारे नियम लागू आहेत. पण आपला संबंध तेवढ्यावर संपत नाही. 1944 हेच साल आपल्याकडेही महत्त्वाचं. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती त्याच साली सुरू झाली. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. शिष्यवृत्तीची मुदत संपणं म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडनला गेले आणि मुदत संपताच 1917 मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतले. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येण्याची सवलत दिली होती. ते 1920 मध्ये पुन्हा गेले आणि 1923 मध्ये डी.एस्सी. झाले. त्यांचा अभ्यास खंडित झाला, पण दार उघडं राहिलं. ते दार तेव्हा बंद झालं असतं, तर?

हा प्रश्न आज आपल्या दारात आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने श्रेयांक आले, मध्येच बाहेर पडून पुन्हा येण्याची सोय आली. आपल्या शिष्यवृत्त्या मात्र वर्षाच्या हिशेबावर उभ्या आहेत. पुढच्या वर्गात गेलात तर नूतनीकरण. एटीकेटीची आपल्याला सवय आहे, पण सोडलेल्या श्रेयांकाचं शिष्यवृत्तीच्या वहीत काय करायचं, हे आपल्याला नव्याने ठरवावं लागेल. अमेरिकेच्या इतिहासातून एवढं घेऊ की अभ्यासाची वही आणि मदतीची वही वेगवेगळ्या खोल्यांत लिहिली गेली, तर शिक्षणाने दिलेली मोकळीक गरिबाच्या पदरी कधीच पडत नाही. नियम करणाऱ्यांनी दोन्ही वह्या एका टेबलावर उघडून बसावं, आणि पहिलं उदाहरण सोडवावं ते मधूनच घरी जावं लागलेल्या मुलीचं.