काकूआजींची शाल

इंदूरला, आमच्या वाड्यातल्या काकूआजी ऐन वैशाखातही शाल घेऊन बसायच्या. होळकरशाहीत पहिल्याच बाळंतपणात फार रक्त गेलं, कशाबशा वाचल्या. पण अंगावर दूध आलं नाही, पाळी परत आली नाही, केस विरळ झाले. घरात नाव पडलं, "सुस्त सून".

१९३७ साली ग्लासगोच्या प्रसूती रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट हॅरॉल्ड शीहान यांनी अशा बायकांचं दुखणं सविस्तर मांडलं. गरोदरपणात मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी वाढते. अतिरक्तस्रावाने रक्तदाब कोसळला की तिला रक्त पुरत नाही, तिचा भाग मरतो. मग दुधाचं हार्मोन बनत नाही, थायरॉइड, ॲड्रिनल, बीजांडकोश यांना हुकूम देणारंही कुणी उरत नाही. लक्षणं कधी कधी वर्षानुवर्षं कळत नाहीत. आज रक्ततपासणीत हे सापडतं, रोजच्या गोळ्यांनी बाई उभी राहते.

काकूआजींना हेच होतं का, आता कोण सांगणार? पण त्या आळशी नव्हत्या, एवढं नक्की. तुमच्याही घरात अशी कुणी असेल, तर तिला नावं ठेवू नका. तिच्या बाळंतपणात काय झालं ते विचारा, आणि डॉक्टरांनाही सांगा.