प्रतिजैविक निवडचिन्हक जनुके
बाहेरचे जनुक पेशींत सोडले, तरी ते मोजक्याच पेशींत टिकते. म्हणून त्याला प्रतिजैविकरोधी जनुकाची जोड देतात आणि पेशी त्या प्रतिजैविकावर वाढवतात. तगतात त्या बहुधा बदललेल्या. सस्तन प्राण्यांच्या पेशींसाठी जी-४१८, तर वनस्पतींसाठी कॅनामायसिन हे नेहमीचे. जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी वांग्यात आणि २००२ मध्ये मंजूर झालेल्या बीटी कापसातही कॅनामायसिन निष्प्रभ करणारे एनपीटी-२ हे जनुक आहे.

ते आतड्यातील जिवाणूंत शिरून औषधे निकामी करील, हा आक्षेप ताणलेला वाटतो. खाल्लेला डीएनए पचनात बहुतांशी तुटतो, आणि हे जनुक मुळात जिवाणूंकडूनच घेतलेले आहे. पण म्हणून ते शेतापर्यंत न्यावे, असे ठरत नाही. कॅनामायसिन क्षयरोगावरही वापरले गेले आहे. शिवाय निवड झाल्यावर या जनुकाला पिकात काहीच काम उरत नाही. क्रे-लॉक्स पद्धतीने ते कापून काढता येते. त्यात वेळ आणि पिढ्या खर्ची पडतात, हे खरे. तरी प्रयोगशाळेची सोय हे ते पिकात ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये बीटी वांग्याला स्थगिती मिळाली, ती अर्थात एवढ्याचमुळे नव्हे.