प्रणाली विश्लेषण व आरेखन (विद्यापीठीय विषय)

व्यवसायात काम, कागद आणि पैसा कसा फिरतो हे तपासून संगणकीय व्यवस्था आखण्याचा अभ्यास. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या क्षेत्रात, विशेषतः एटापल्लीसारख्या तालुक्यात, याचा सर्वांत चांगला पाठ तेंदूपाने गोळा करण्याचा हंगाम देतो : ७० पानांचा पुडा, १००० पुड्यांची प्रमाण गोणी, फळीवरच्या (पाने जमा करण्याच्या केंद्रावरच्या) मुन्शीची नोंद, ग्रामसभेचा हिशेब, शेवटी मजुरी. एका वहीतून दुसरीत आकडे उतरवताना चूक शिरते. म्हणून आधी माहिती-प्रवाहाची आकृती, मग आज्ञावली. नेटवर्कच नसेल तिथे हे कशाला, हा आक्षेप टिकत नाही. विश्लेषण कागदावरही होते, आणि नेटवर्क तुटणे ही आरेखनाने मुळातच धरायची अट आहे. माडिया भाषा बोलणाऱ्या पानसंकलकाला आपला हिशेब पडताळता येत नसेल, तर ते आरेखन अपुरेच मानावे.