चौतीस मिलिमीटरचं भोक

मागच्या भागानंतर इंदूरहून, बेळगावहून, हैदराबादहून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला: गाडीचा एअर फिल्टर बदलला, हवा जास्त घेतली, की गाडी खरंच जोरात पळते का? पळते, थोडी. पण मला आज सांगायची आहे ती 1995 सालची गोष्ट. एका मोठ्या कंपनीच्या रॅली संघानं गाडीच्या हवेच्या वाटेत एक करामत केली आणि तिच्यापायी वर्षभर मैदानाबाहेर बसला. मोटार शर्यतींच्या इतिहासात इतकी देखणी लबाडी मी तरी दुसरी वाचलेली नाही.

आधी हवेचं गणित. एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. पेट्रोल जास्त सोडणं सोपं आहे, पंप मोठा लावला की झालं. अडतं ते हवेपाशी. म्हणून टर्बो आला. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरानं एक चक्र फिरवायचं आणि त्याच्या जोरावर दुसऱ्या चक्रानं बाहेरची हवा दाबून आत कोंबायची. 1980 च्या दशकात रॅलीच्या ‘ग्रुप बी’ गाड्यांनी हे इतकं ताणलं की गाड्या माणसाच्या हाताबाहेर गेल्या. 1986 मध्ये पोर्तुगालला एक गाडी प्रेक्षकांत घुसली. पुढे कॉर्सिका बेटावर हेन्री टॉइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जियो क्रेस्टो गाडीसह दरीत कोसळून जळून गेले. ग्रुप बी बंद झाला.

त्यानंतर जागतिक संघटनेनं, म्हणजे एफआयएनं, ताकदीला लगाम घालायला जो उपाय वापरला तो मला फार आवडतो, कारण तो अगदी साधा आहे. इंजिन उघडून मोजत बसायचं नाही. टर्बोच्या तोंडाशी एक धातूचं कडं बसवायचं, रिस्ट्रिक्टर. सगळी हवा त्याच भोकातून गेली पाहिजे. शहाळ्याला बारीक नळी लावली की कितीही जोर लावून ओढा, पाणी येतं तेवढंच येतं, तसंच. शिवाय हवेला एक स्वतःची मर्यादा असते. भोकातला तिचा वेग ध्वनीच्या वेगाला पोचला की पुढे टर्बोनं कितीही ओढलं तरी एक ग्रॅमही जास्त येत नाही. 1995 साठी या भोकाचा व्यास 38 मिलिमीटरवरून 34 वर आणला. ऐकायला चारच मिलिमीटर, पण क्षेत्रफळात बघितलं तर हवेची वाट पाचव्या हिश्शानं आवळली.

टोयोटाला हे झोंबणारच होतं. त्यांचा संघ जर्मनीत कोलोन शहरात होता, प्रमुख होता स्वीडनचा ओव्हे अँडरसन, जो स्वतः 1971 ची माँटे कार्लो रॅली जिंकलेला चालक. 1993 आणि 1994, दोन्ही वर्षी कंपन्यांचं जगज्जेतेपद टोयोटाकडे. चालकांचंही तिच्याच सेलिका गाडीतून, आधी युहा कांकुनेन, मग दिदिये ऑरिओल. 1995 ला नवी सेलिका आली आणि समोर सुबारूची इम्प्रेझा उभी. सुबारूकडे कार्लोस साइन्झ आणि कॉलिन मॅकरे होते.

ऑक्टोबरमध्ये स्पेनमधल्या कातालोनियाच्या रॅलीत तपासनिसांनी सेलिकाचा टर्बो उघडला. नियमाप्रमाणे ते कडं टर्बोच्या पात्यांपासून 50 मिलिमीटरच्या आत, पक्कं बसलेलं हवं होतं. भोक मोजलं तर बरोबर 34. पण कडं पक्कं नव्हतं. ते सरकत होतं.

रचना अशी. हवेचा रबरी पाइप टर्बोला जोडताना त्यावर जी पट्टी आवळतात, ती आपल्याकडच्या कुठल्याही गॅरेजात दिसते तशी साधी. टोयोटाच्या माणसांनी पाइपाच्या आत बशीच्या आकाराच्या स्प्रिंगा बसवल्या होत्या. खास हत्यारानं पाइप ताणला की स्प्रिंगा दबायच्या, कडं सुमारे पाच मिलिमीटर पुढे सरकायचं, आणि त्याच्या बाजूनं हवेला चोरवाट मिळायची. मग पट्टी आवळली की ते तसंच राहायचं. तपासनिसानं तपासायला पट्टी सैल केली की स्प्रिंग उसळून कडं आपोआप जागेवर! म्हणजे तपासणीची कृतीच पुरावा पुसून टाकत होती. आतल्या स्प्रिंगा घासून गुळगुळीत केलेल्या, हवेला अडथळा नको म्हणून. पंचवीस टक्के जास्त हवा आणि पन्नास अश्वशक्तीच्या आसपास फायदा, असा अंदाज तेव्हा मांडला गेला. तीनशेच्या घरातल्या इंजिनाला पन्नास!

एफआयएचे अध्यक्ष मॅक्स मोस्ले यांनी शिक्षा सुनावताना या कारागिरीचं कौतुकही केलं होतं. तीस वर्षांत इतकं चतुर काही पाहिलं नाही, अशा अर्थाचं ते बोलले. मला त्यात विसंगती दिसत नाही. कुठल्याही सराफाला खोटा दागिना ओळखताना घडणाऱ्याचा हात कळतोच. पण कौतुक कितीही केलं तरी ही चोरी होती, आणि ‘सगळेच करतात’ हा युक्तिवाद मला इथे पटत नाही. नियमातली पळवाट शोधणं वेगळं. इथे नियम मोडून, मोडलेला दिसू नये म्हणून यंत्र घडवलं होतं. एखाद्या मेकॅनिकच्या हातून चुकून असं होत नाही. कोणीतरी आराखडा काढला असेल, कोणीतरी लेथवर बसला असेल, कोणीतरी ते खास हत्यार रॅलीला सोबत नेलं असेल.

3 नोव्हेंबर 1995 ला निकाल लागला. टोयोटाचे त्या वर्षाचे सगळे गुण रद्द, बारा महिने बंदी. चालकांचेही गुण गेले: कांकुनेन, ऑरिओल, आर्मिन श्वार्त्झ. चालकांना हे माहीत होतं असं एफआयएनंही म्हटलं नव्हतं. चार वेळा जगज्जेता झालेला कांकुनेन त्या वर्षी पाचव्या विजेतेपदाच्या शर्यतीत होता, आणि त्याचं वर्षच कागदावरून पुसलं गेलं. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकतं ते हे. सुबारूचे साइन्झ आणि मॅकरे 70-70 गुणांवर बरोबरीत राहिले, ब्रिटनच्या शेवटच्या रॅलीत मॅकरे जिंकला आणि 27 व्या वर्षी जगज्जेता झाला.

टोयोटाचा संघ 1997 मध्ये कोरोला घेऊन परतला, 1999 मध्ये कंपन्यांचं विजेतेपद घेऊन रॅलीतून बाहेर पडला. अँडरसन पुढे टोयोटाच्या फॉर्म्युला वन संघाचाही प्रमुख झाला. ते 34 मिलिमीटरचं भोक मात्र 2010 पर्यंत तसंच राहिलं. 2011 मध्ये इंजिनं लहान झाली तेव्हा ते 33 झालं. 2017 मध्ये एफआयएनं ते 36 केलं, आणि त्याच वर्षी टोयोटा यारिस घेऊन पुन्हा रॅलीत उतरली.