चिरा गावचा, कौल मंगळुरी, सिमेंट परमिटचं

आजचा भाग तुमच्याच मेसेजवर आहे. दोडामार्ग, बांदा, डिचोली या पट्ट्यातली बरीच पोरं सध्या एकच प्रश्न विचारतायत: "गावाक घर बांधूचा हा, चिरो बरो की ब्लॉक बरो?" कोणी पुण्यात नोकरीला आहे, कोणी म्हापशाला. आईवडील गावात, जुनं घर गळतंय, बँक कर्ज द्यायला तयार. आणि घरात रोज वाद.

मी काही इंजिनियर नाही. माझा धंदा इतिहासाचा. पण या प्रश्नाचं अर्धं उत्तर इतिहासातच आहे असं मला वाटतं, म्हणून सुरुवात भिंतीपासून करू.

चिरा म्हणजे जांभा दगड. आपल्या पायाखाली तोच आहे. कोकणातला धो धो पाऊस आणि मधलं कडक ऊन यांनी लाखो वर्षं खालचा कातळ कुजवला. त्यातली विरघळणारी द्रव्यं पाण्याबरोबर वाहून गेली आणि लोह, ॲल्युमिनियम मागे राहिलं. लाल रंग त्या लोहाचा. या दगडाला जगभर 'लॅटराइट' म्हणतात, आणि या नावाची गोष्ट गमतीची आहे. टिपू सुलतान १७९९ साली पडला. त्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीने फ्रान्सिस बुकानन नावाच्या डॉक्टरला म्हैसूर, कानडा, मलबार फिरून पाहणी करायला पाठवलं. केरळात अंगाडीपुरमजवळ त्याने लोकांना लोखंडी हत्याराने जमिनीतून चौकोनी ठोकळे कापताना पाहिलं. ताजा दगड मऊ, हवेत ठेवला की कडक होणारा. लोक तो विटेसारखा वापरत होते. त्याचं पुस्तक १८०७ साली आलं आणि त्यात त्याने या दगडाला नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. त्यावरून लॅटराइट.

म्हणजे बघा, वीट की चिरा हा वाद आपण घालतोय, पण शास्त्रात चिऱ्याचं नावच 'वीट-दगड' आहे. अंगाडीपुरमची ती जागा आज राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. आपल्याकडच्या चिरेखाणीत मात्र कोणी पाटी लावत नाही.

आता थोडा हिशोब. आपल्याकडचा चिरा साधारण चौदा इंच लांब, नऊ इंच रुंद, सात इंच उंच. गावागणिक माप थोडं बदलतं. साधी वीट नऊ बाय चार बाय तीन. गुणाकार करून बघा, एका चिऱ्यात आठ विटा बसतात. म्हणजे सांधे कमी, दर्जांना माल कमी. पण वजन तीस किलोच्या आसपास. तो उचलणारा गडी, त्याची कंबर, त्याची मजुरी हे सगळं त्या हिशोबात धरा. पूर्वी चिरा हाताने काढायचे, टिकाव मारून आणि नंतर तासून. आता गोल पात्याचं मशीन फिरतं. मशीनचा चिरा सरळ येतो, तासायला वेळ जात नाही. मात्र मशीन वरचा चांगला थर आणि खालचा मऊ थर यात फरक करत नाही, सगळं एकाच मापात कापून देतं. म्हणून चिरा बघून घ्यायचा. पांढऱ्या मातीची भोकं जास्त असतील तर तो बाजूला. दुसऱ्या चिऱ्यावर आपटून आवाज ऐका, खणखणीत हवा. आणि ओला चिरा आणून लगेच लावायची घाई करू नका. बुकाननने पाहिलेली गोष्ट दोनशे वर्षांनंतरही तशीच आहे, हवा लागली की तो कडक होतो.

इथपर्यंत ऐकून वाटेल, कोकणात लोक कायमच चिऱ्याच्या घरात राहत होते. रील्समध्ये तसंच दाखवतात: लाल भिंत, तुळस, खळं, मागे संथ गाणं. मला हे चित्र अर्धवट वाटतं. चिरा होता, पण तो देवळाला, विहिरीला, राजवाड्याला. सावंतवाडीचा राजवाडा बघा, तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला, म्हणजे १८व्या शतकाच्या उत्तरार्धातला, जांभ्याचा. कष्टकऱ्याचं घर मातीच्या भिंतीचं नाहीतर कुडाचं. वर गवत, पेंढा किंवा झापं. दर वर्षी पावसाआधी शाकारणी.

का? दगड तर पायाखाली होता. एक कारण मजुरी. पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते पायाशी जोडलेलं आहे. ज्या जमिनीवर घर उभं, ती बऱ्याच जणांची स्वतःची नव्हती. मालकाने उठ म्हटलं की उठायचं. अशा जागेवर कोण खोल पाया खणून चिरा बसवेल? मातीची भिंत सोडून जाता येते. चिऱ्याच्या भिंतीत आयुष्याची कमाई अडकते.

सावंतवाडी संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्याच वर्षीचा कूळ कायदा इकडे लागू झाला. कूळ कायदा म्हटलं की आपल्याला शेतजमीन आठवते. त्यात कुळाच्या राहत्या घरालाही संरक्षण होतं, हे फारसं कोणी सांगत नाही. पुढे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारा मालक झाला. सीमेपलीकडे गोव्यात हाच प्रश्न 'मुंडकार' नावाने होता. भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा तो मुंडकार. पोर्तुगीज १९६१ साली गेले, पण मुंडकारांना घरातून न काढण्याचं संरक्षण देणारा कायदा यायला १९७०चं दशक उजाडलं.

डिचोली, सत्तरी, पेडणे हे भाग १८व्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीकरांकडे होते, नंतर पोर्तुगीजांकडे गेले. त्यामुळे दोडामार्गच्या चेकनाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे घरं सारखीच, माती सारखीच. फक्त जमिनीचा हक्क दोन वेगळ्या वर्षांत आला. तुमच्या वाडीतल्या चिऱ्याच्या घरांचं वय काढून बघा. घरातल्या आजीला विचारा, "चिऱ्याचं घर कधी झालं?" आणि मग विचारा, "जमीन नावावर कधी झाली?" दोन उत्तरं शेजारी ठेवून बघा.

छपराची गोष्ट पटकन सांगतो. मंगळुरी कौल हे आपल्याला अगदी 'आपलं' वाटतं. ते आलं बासेल मिशनच्या कारखान्यातून. या स्विस-जर्मन मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, तिथल्या नदीकाठची चिकणमाती वापरून. आधीचे हाताने घडवलेले गोल नळे दर वर्षी परतावे लागायचे. माकडांनी उड्या मारल्या की संपलं. मंगळुरी कौल एकमेकात अडकून बसतं आणि कमी माणसांत काम होतं. कौलं गलबतांतून बंदरांवर उतरायची आणि तिथून बैलगाडीने आत.

सिमेंटचं मात्र थांबून सांगायला हवं, कारण तुमच्या पिढीला ते खरं वाटणार नाही. आज दुकानात फोन केला की संध्याकाळी पोती दारात. १९८०च्या आसपास सिमेंट रेशनवर होतं. परमिट लागायचं. घर बांधणारा माणूस आधी अर्ज करायचा आणि मग वाट बघायचा. या सिमेंटवरून राज्याचा मुख्यमंत्री गेला, आणि तोही कोकणातला. बॅरिस्टर अंतुले. बिल्डरांनी ट्रस्टला देणग्या द्यायच्या आणि त्यांना सिमेंटचा कोटा मिळायचा, असं ते प्रकरण. मुंबई हायकोर्टाचा निकाल विरोधात गेला आणि जानेवारी १९८२मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी सिमेंटवरचं नियंत्रण काही प्रमाणात उठलं आणि १९८९ साली पूर्ण.

म्हणून त्याआधीची बरीच चिऱ्याची घरं मातीत बांधलेली दिसतात. आत माती, बाहेरून दर्जा चुन्याने भरलेल्या. चुना किनाऱ्यावर शिंपले भाजून करायचे. जुनं घर पाडायला काढलंत तर बघा, चिरे साबूत सुटे होतात आणि पुन्हा वापरता येतात. सिमेंटात बांधलेली भिंत पाडली की चिरा तुटूनच निघतो. ब्लॉकचं तर विचारूच नका. हा फरक मला फार मोठा वाटतो, पण आजच्या अंदाजपत्रकात त्याला रकाना नाही.

आता जमीन. म्हणजे घरातली जमीन. 'फ्लोअरिंग' हा शब्द आला आणि बायकांचं काम त्यातून गायब झालं. मातीची जमीन करायची तर आधी भराव, पाणी मारून दाबायचा, वर चाळलेली माती, मग चोपणं घेऊन दिवसेंदिवस चोपायचं. मग शेणाने सारवण. आणि ते एकदा करून संपत नाही, सणाला परत, पावसानंतर परत. आज कोणी म्हणतं, "शेणाच्या जमिनीचा गारवाच वेगळा." खरंय. पण सारवणारीला विचारून बोला.

मग कोबा आला, लाल किंवा काळा. मग गुलबर्ग्याकडची शहाबादी. नक्षीच्या सिमेंट लाद्यांची वेगळीच गोष्ट: १९२२ साली सिधवा काका-पुतण्यांनी भारत टाइल्स सुरू केली, परदेशी लाद्यांना स्वदेशी पर्याय म्हणून. म्हणजे लादीतसुद्धा स्वातंत्र्यचळवळ होती. आज आपण गुजरातच्या मोरबीहून आलेली गुळगुळीत, आरशासारखी लादी घालतो. जून-जुलैत तिला घाम फुटतो. थंड लादीवर दमट हवा आली की पाणी धरतं, आणि म्हातारं माणूस घसरतं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. घरात सत्तरीचं माणूस असेल तर खरखरीत लादी घ्या. चकाकी फोटोत बरी.

आता मूळ वादाकडे. चिरा घेतला तर त्यावर गिलावा करायचा की लाल भिंत उघडी ठेवायची? सध्याची फॅशन उघडी ठेवायची. यासाठी दोडामार्गहून साधारण तासाभरावर असलेल्या जुन्या गोव्यात जा. बॉम जेझूचं चर्च बघा. काम १५९४ला सुरू झालं, १६०५ला पूर्ण. भिंती जांभ्याच्या, आणि दर्शनी बाजूचं कोरीवकाम वसईहून आणलेल्या काळ्या दगडात. आज ते लालभडक दिसतं, पण मूळात त्यावर चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुविशारदाने तो काढायला लावला, इमारत अधिक जुनी दिसावी म्हणून. तेव्हापासून पाऊस थेट दगडावर पडतोय, दगड झिजतोय, आणि गिलावा परत चढवावा की नाही यावर गोव्यात भांडण चालू आहे. लोकांना लाल रंगाची सवय झालीय.

माझं मत सरळ आहे. लांब पागोळी असलेलं कौलारू छप्पर असेल तर चिरा उघडा ठेवा. सपाट स्लॅब टाकणार असाल तर पावसाच्या बाजूला गिलावा करा. लाल भिंत आणि सपाट स्लॅब दोन्ही हवं असेल तर दर दोन वर्षांनी रंगवाल्याचा नंबर हाताशी ठेवा.

ब्लॉक वाईट नाही. हलका आहे, भिंत भराभर चढते, गवंडी सहज मिळतो. चिऱ्यासाठी डोंगर पोखरला जातो हेही खरं, आणि दोडामार्गात डोंगर पोखरण्याचा विषय नाजूक आहे. कळण्याची लोहखनिजाची खाण सगळ्यांना ठाऊक आहे. २०२१च्या जुलैत तिथे डोंगराचा भाग खाणीत कोसळला आणि चिखलपाणी वस्तीत शिरलं. तीच लाल माती, भिंतीत बसली तर घर आणि ट्रकमध्ये चढली तर खनिज. चिरा घेताना तो कुठल्या खाणीतून येतो, परवाना आहे का, एवढं तरी विचारा.

पण मला ज्या गोष्टीची काळजी वाटते ती भिंत नाही, पाया आहे. तिलारी धरणाचा महाराष्ट्र-गोवा करार १९९०चा. धरण दोडामार्ग तालुक्यात, पाण्याचा मोठा वाटा गोव्याला. शिरंगे, पाल, सरगवे, आयनोडे अशी गावं त्यासाठी उठली. घर हलवायची वेळ आली की कौलं उतरवता येतात, वासे सोडवता येतात, दाराची चौकट काढून नेता येते. मातीत बांधलेले चिरेसुद्धा नेता येतात. पाया नेता येत नाही. पुनर्वसनात प्लॉट मिळतो, पण नोकरीचा प्रश्न, 'वन टाइम सेटलमेंट'ची आंदोलनं, हे सगळं पुढे वर्षानुवर्षं चाललं.

आणि ज्यांची गावं बुडाली नाहीत, त्यांचा सातबारा काढून बघा. पणजोबांचं नाव, खाली वारसांची वीस-तीस नावं, अर्धी मुंबईत, काही हयातच नाहीत. सामाईक जमीन. घर ग्रामपंचायतीच्या असेसमेंटला तुमच्या नावावर असेल, पण खालची जमीन सगळ्यांची. बँक कर्जाच्या वेळी नेमकी इथे अडते. मला आलेल्या मेसेजेसमध्ये "चिरा की ब्लॉक" विचारणाऱ्या एकानेही हे विचारलं नाही. चिरेखाणीत आगाऊ पैसे देण्याआधी तलाठ्याकडे एक फेरी मारा. वारस नोंदी पूर्ण करा, सहहिस्सेदारांची संमती लेखी घ्या, जमलं तर वाटप करून मोजणी मागवा. चतुर्थीला सगळे चुलते गावात असतात, तेव्हा हा विषय काढा. आरतीनंतर, जेवणाआधी नको.

पाया खणायचा तो दिवाळीनंतर, जमीन सुकल्यावर. जोतं खळ्यापेक्षा चांगलं वर घ्या, पावसाचं पाणी उडून चिऱ्याच्या पहिल्या थराला लागतं. भराव थरथराने पाणी मारून दाबा, आणि वाळवीचं औषध लादीच्या आधीच. शिमग्यापर्यंत भिंती, मे अखेरीपर्यंत छप्पर.

पुढच्या भागात विहिरी. तुमच्या वाडीतल्या सगळ्यात जुन्या विहिरीचा फोटो पाठवा, आतल्या चिऱ्यांचे थर दिसतील असा. वाकून काढू नका, मोबाईल पडतो. भेटू.